आईची हेराल्ड

एकलहऱ्याच्या कॉलनीत राहिलेल्या माणसाला राख म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. वीज केंद्राच्या चिमण्यांतून ती यायची आणि खिडकीच्या गजांवर, झेंडूच्या पानांवर, वाळत घातलेल्या चादरींवर, स्वयंपाकघरातल्या मांडणीवर येऊन बसायची. आई सकाळी ओल्या फडक्यानं सगळं पुसायची, संध्याकाळी कपाटाच्या काचेवर बोटानं रेघ ओढून बघायची आणि पुन्हा फडकं हातात घ्यायची. राखेच्या जोडीला आवाज होता. केंद्रातल्या यंत्रांची घरघर चोवीस तास चालायची आणि आम्हा पोरांना ती ऐकूच यायची नाही. ती थांबली तर मात्र सगळी कॉलनी दारात येऊन उभी राहायची. परवा माझ्या नाशिकरोडच्या घरी आलेली एक मैत्रीण म्हणाली, किती शांत आहे गं तुझ्याकडे. मला ती शांतता अजून सवयीची झालेली नाही.

माझे वडील, आप्पा, तिथे टर्बाइनच्या मेंटेनन्सला होते. कमी बोलणारा, काटक माणूस. कानात अडकवलेली विडी पेटवायची मात्र कधी नाही, कारण आईला वास चालत नसे. त्यांच्या खात्याची रीत अशी होती की मशीन बिघडलं की ऑपरेशनवाले ते मेंटेनन्सच्या ताब्यात द्यायचे, मेंटेनन्सवाले ते उघडून, दुरुस्त करून, पुन्हा बांधून परत ऑपरेशनच्या ताब्यात द्यायचे आणि बाजूला व्हायचे. मशीन फिरायला लागलं की आप्पांचा त्याच्याशी संबंध संपला. चालवणारे वेगळे, दुरुस्त करणारे वेगळे. महिना महिना खपून उभ्या केलेल्या यंत्राकडे ते पुन्हा वळूनही बघत नसत. मला लहानपणी हे फार मोठेपणाचं वाटायचं. आजही वाटतं, पण त्यातली एक गोम मला पुढे कळली आणि ती सांगायलाच मी हे प्रकरण लिहायला बसले आहे.

गाडी आमच्याकडे आली ती देवळ्याहून. तिथल्या एका डॉक्टरांच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन कोणालाच चालू होईना, म्हणून कोणाच्या तरी ओळखीनं आप्पा सुट्टीच्या दिवशी गेले. इंजिन चालू झालं. हात धुवायला ते कांद्याच्या चाळीमागे गेले, तर तिथे गोणपाटांच्या ढिगाखाली एक मोटार. हेराल्ड. दोन दारांची, बुटकी, मागे माशाच्या शेपटीसारखे दोन पंख काढलेली. डॉक्टर तिच्यातून सगळ्या तालुक्यात फिरले होते, कित्येक बाळंतपणं त्यांनी तिच्या दिव्यांच्या उजेडात केली होती म्हणे. आता टायर बसले होते आणि उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. आप्पा तिच्याभोवती फिरत राहिले. डॉक्टर म्हणाले, तुला उभी करता येत असंल तर घेऊन जा, मला ती अशी बघवत नाही. कांदे उतरवून परत निघालेल्या एका ट्रकमध्ये घालून आप्पांनी ती आणली, कागदही रीतसर आपल्या नावावर करून घेतले. क्वार्टरच्या मागच्या अंगणात ती उतरवली, तेव्हा सगळ्या आळीत कांद्याचा वास पसरला. पुढे कितीतरी वर्षं ऊन तापलं की गाडीतून तो वास यायचा.

हेराल्डची गंमत अशी की तिचं पुढचं सगळं तोंड, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला आडवं होतं. चाकं आणि इंजिन उघडी पडतात. आप्पा शिफ्टवरून यायचे, तोंड धुवायचे आणि पुढच्या टायरवर पाटावर बसल्यासारखे बसायचे. चहाची कपबशी बॅटरीच्या शेजारी. त्यांच्या समोर, मागच्या दाराच्या उंबऱ्यात आई मेथी निवडत नाहीतर लसूण सोलत बसायची. दोघं बोलायची कमी. आप्पा हात पुढे करायचे आणि आई पाना द्यायची. सुरुवातीला चुकीचा द्यायची, नंतर मागायच्या आधीच बरोबर द्यायला लागली. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन तिथेच बसायचे आणि त्या दोघांना बघत राहायचे. बोंबील भाजल्याचा वास, रॉकेलमध्ये धुतलेल्या सुट्या भागांचा वास आणि कांदा, हे तिन्ही एकत्र आले की आमच्या घराचा वास तयार व्हायचा. कुठल्याही अत्तराच्या दुकानात तो मिळणार नाही आणि मिळाला तर मी पहिली गिऱ्हाईक.

ती गाडी निम्मी आप्पांनी केली आणि निम्मी आईनं, हे मी कोणालाही ठामपणे सांगते. तळाचा पत्रा कुजला होता, तो आप्पांनी कापून नवा बसवला. न मिळणारे भाग मालेगावच्या भंगारवाल्यांकडून धुंडाळून आणले, तिथेही मिळाले नाहीत ते कानशीनं घासून घरी केले. पण सीटा आईच्या. शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाऊज शिवायचं तिचं पायमशीन जाड रेक्झिन बघूनच रुसलं. सुया मोडल्या, दोरा तुटला. मग तिनं दाभण घेतलं आणि काथ्या भरून सबंध सीट हातानं शिवली, बोटांना चिंध्या गुंडाळून. रंगाची तर मोठीच पंचाईत होती, कारण ओल्या रंगावर राख बसली की सगळं मुसळ केरात. आईनं जुन्या साड्यांचा मांडव घातला, गाडी त्यात कोंडली आणि वारा चिमण्यांकडून न येता नदीकडून यायची वाट बघितली. वाळत घातलेली धुणी कुठल्या अंगानं फुगतात यावरून तिला ते कळायचं. एका सकाळी ती आप्पांना म्हणाली, आज लावा. आप्पांनी कामावर रजा टाकली आणि रंग लावला. मेंदीच्या पानांचा रंग, तोही तिनंच ठरवलेला.

आणि मग गाडी चालू झाली, तेव्हा कळलं की आप्पांना गाडी चालवता येत नाही. म्हणजे शिकायला ते गेले होते, पण त्यांच्या कानांनी घात केला. कॉलनीतली सगळी माणसं बघायला जमलेली. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसले, गाडी सुरू केली, पाण्याच्या टाकीपर्यंत झोकात नेली आणि वळणावर सरळ कर्दळीच्या वाफ्यात घातली. हसून हसून लोकांच्या मुरकुंड्या वळल्या. आप्पा खाली उतरले, चिखल झटकला आणि अगदी खरं तेच बोलले. मला नुसतं इंजिन ऐकू येतं, म्हणाले, रस्ता दिसतच नाही. त्यानंतरही दोन-चारदा प्रयत्न झाले आणि प्रत्येक वेळी कर्दळीचं नुकसान झालं. दुसरा कोणी असता तर लाजेपोटी गाडी झाकून ठेवली असती, नाहीतर ड्रायव्हर ठेवला असता. आप्पा आईला म्हणाले, तू बघ जरा बसून.

आई बसली. क्लच म्हणजे काय हे आप्पांनी तिला दोन स्टीलच्या ताटल्या एकमेकींवर दाबून आणि सोडून दाखवलं. तिनं पदर खोचला, चपला काढून बाहेर ठेवल्या आणि थोड्या वेळानं म्हणाली, हे तर मशीनसारखंच आहे, पायांनी एक करायचं आणि हातांनी दुसरं. आठवडाभरात ती कॉलनीला चक्कर मारायला लागली, आप्पा शेजारी डोळे मिटून इंजिन ऐकत. लायसनसाठी गेलो तेव्हा परीक्षा घेणारे साहेब आप्पांना म्हणाले, बसा. आप्पा म्हणाले, मी नाही, ह्या. साहेबांनी चष्मा वर केला. आईनं त्यांना आठच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवली, वर उलटी नेऊन लावली. कॉलनीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या, पण विहारात जाताना पौर्णिमेच्या पांढऱ्या साड्या चुरगळू नयेत म्हणून त्याच पुढे मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसायला लागल्या.

आईला गाडी खरी हवी होती ती तिच्या थोरल्या बहिणीसाठी. मावशी त्र्यंबकेश्वराच्या पलीकडे एका आश्रमशाळेत शिकवायची, एकटी राहायची. तिच्याकडे जायचं तर आधी नाशिकरोड, तिथून नाशिक, तिथून एसटीनं त्र्यंबक आणि पुढे पायपीट. राहायची सोय बघायची, आप्पांची शिफ्ट बघायची, माझी शाळा बघायची. वर्षातून एखाद्या वेळी ते जमायचं. आता आई सकाळी भाकऱ्या टाकून निघायची आणि दिवेलागणीला परत यायची. येताना डिकीत नागलीचं पीठ, करवंदं, आणि चेहऱ्यावर काहीतरी असायचं जे मी आधी कधी बघितलं नव्हतं. दोघी बहिणी दिवसभर काय बोलत असतील देव जाणे. एकदा मी तिला विचारलं, तर म्हणाली, काही नाही गं, बसतो. तेवढ्यासाठी ती सबंध नाशिक ओलांडून जायची. माझी आई फार सुंदर होती असं नाही, पण तो मेंदी रंगाचा दरवाजा लावून ती आरसा नीट करायची तेव्हा मला जगात तिच्याइतकं देखणं कोणी वाटायचं नाही.

अशात एका रविवारी डॉक्टरांचा मुलगा आला. अशोकशेठ म्हणायचे त्याला, कांद्याचा व्यापार होता. डॉक्टर वारले होते. नवा बंगला बांधला होता आणि आपल्या वडिलांची गाडी कोणीतरी जिवंत केली आहे हे त्याच्या कानावर आलं होतं. आई विहारात गेली होती. गाडी अंगणात उभी होती, पुसलेली. अशोकशेठनं तिला बघितलं आणि त्याचे डोळे भरून आले, हे मी बघितलं आहे. तुम्ही म्हणाल ते देतो, पण ही आमच्या दारात परत येऊ द्या, असं तो म्हणाला. आप्पांनी क्षणभरही विचार केला नाही. काम तर झालंय, म्हणाले, घेऊन जा की. पैशाचं बोलायलाही ते तयार नव्हते. डॉक्टरांची वस्तू डॉक्टरांच्या घरी जाते आहे, दुरुस्त होऊन जाते आहे, त्यांच्या दृष्टीनं यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. मी दारात उभी राहून सगळं ऐकत होते. पुढच्या महिन्यात न्यायला येतो म्हणून तो गेला.

आई आली तेव्हा आप्पांनी तिला आनंदानं सांगितलं. खरंच आनंदानं. एखादं चांगलं काम हातून झाल्यावर माणूस सांगतो तसं. आई आत गेली आणि भाकऱ्या थापायला बसली. तिचा भाकरी थापण्याचा एक ठेका होता, तो त्या दुपारी चुकत होता. जेवायला बसलो. मटणाचा रस्सा होता, रविवारचा, पण कोणाचं लक्ष नव्हतं. आप्पांच्या ताटात भाकरी वाढून आई तिथेच त्यांच्या समोर बसली.

"तुम्ही मशीन बांधून कोणाच्या ताब्यात देता?" तिनं विचारलं.

आप्पा म्हणाले, "ऑपरेशनच्या."

"मग या घरात ऑपरेशन कोण हाय?"

आप्पांचा घास हातात राहिला. आई चिडली की तिच्या माहेरची बोली वर यायची. "तुम्ही दुरुस्त केली, मान्य. पण चालवते मी. मला न इचारता तुम्ही माझ्या पायातनं काढून दुसऱ्याला दिली." मग ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला नाय द्यायची ती." लग्न झाल्यापासून तिनं त्यांच्याकडे स्वतःसाठी हट्टानं मागितलेली ही पहिली गोष्ट असावी.

पुढचे दिवस फार वाईट गेले. आप्पांनी आयुष्यात दिलेला शब्द फिरवला नव्हता. वीज केंद्रात त्यांनी सांगितलं की मशीन तयार आहे, तर कोणी तपासायलाही जात नसे, असा त्यांच्या शब्दाचा मान होता. वडील गेलेल्या पोराला हो म्हणून आता नाही कसं म्हणायचं, या विचारानं त्यांचं जेवण तुटलं. आईनं पुन्हा विषय काढला नाही. भांडली नाही, रुसून बहिणीकडे जाऊन बसली नाही. गाडी मात्र रोज पुसत होती. शेवटी एका संध्याकाळी आप्पा टायरवर बसले होते, इंजिनाला काहीही झालेलं नसताना, आणि म्हणाले की तार नाही, निरोप नाही, हे तोंडानंच जाऊन सांगायला पाहिजे. आई उंबऱ्यातून म्हणाली, "चला. मी नेते."

म्हणून आम्ही ती गाडी द्यायची नाही हे सांगायला त्याच गाडीतून देवळ्याला गेलो. आज मला याचं हसू येतं. तेव्हा मागच्या सीटवर मी अंग चोरून बसले होते. पिंपळगावची द्राक्षं गेली, चांदवड गेलं, भावडबारीच्या घाटात आईनं गिअर बदलला आणि गाडी कुरकुर न करता चढली. आप्पांनी त्या दिवशी डोळे मिटले नाहीत. रस्त्याकडे बघत होते. बंगल्याच्या फाटकातून आम्ही आत शिरलो तेव्हा अशोकशेठ पायऱ्या उतरून हसत आला, त्याला वाटलं आम्ही गाडी पोचवायलाच आलो. पोर्चमध्ये फरशी बसवून जागा करून ठेवली होती. तो म्हणाला, हितं ठेवायची, आल्यागेल्याला दिसंल अशी. चालवणार कोण, असं आईनं विचारलं. तो म्हणाला, चालवायची कशाला वैनी, घासंल, आपटंल. शोभंला हाय ती.

आप्पा गाडीतून उतरून उभे होते. त्यांनी हात जोडले.

"अशोकशेठ, गाडी देता येणार नाही. हिची आहे ती. हिला विचारायचं माझ्याकडून राहिलं होतं."

अशोकशेठचं हसू मावळलं. तो म्हणाला, "गायकवाड, तुम्ही शब्द दिला हुता."

"दिला होता. तो मी द्यायचा नव्हता."

"म्हंजे बाईमाणसाच्या सांगन्यावरून तुम्ही शब्द फिरवता?"

आप्पा म्हणाले, "हो."

त्यापुढे ते काही बोलले नाहीत. पण, परंतु, तसं नाही, काही नाही. बंगल्याच्या पायऱ्यांवर अशोकशेठचे हमाल, मुनीम, शेजारी उभे होते आणि सगळे ऐकत होते. मी पुढे शिक्षिका झाले, व्यासपीठांवर बसले, बायकांच्या मानाविषयी पुरुषांची पुष्कळ भाषणं ऐकली, टाळ्याही वाजवल्या. त्या एका होकाराइतकं काहीही मला खरं वाटलेलं नाही. आप्पांचा चेहरा उतरला होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, त्यांना लाज वाटत होती आणि ती वाटत असतानाही ते तसेच उभे होते. मला त्या माणसाची मुलगी असल्याचा जो अभिमान वाटला तो अजून तसाच आहे.

अशोकशेठ वाईट माणूस नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. तो गाडीभोवती एकदा फिरला. मग त्यानं गाडीचं दार उघडलं, बाजूच्या सीटवर बसला आणि खोल श्वास घेतला. दादांचा वास येतो का बघत होतो, म्हणाला, कांद्याचाच येतो. आईला हसू आलं आणि मग त्यालाही. ती म्हणाली, बसा नीट, चक्कर मारू. डॉक्टरांच्या जुन्या दवाखान्यापर्यंत आणि बाजारातून परत तिनं त्याला नेऊन आणलं. म्हातारी माणसं गाडी बघून दुकानांतून बाहेर आली. चहा घेऊन आम्ही निघालो तेव्हा अशोकशेठनं कांद्याचं एक पोतं डिकीत टाकलं आणि आप्पांशी मात्र बोलला नाही. पुढेही कधी बोलला नाही. आप्पांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं.

ही गाडी आजही माझ्याकडे आहे. जुन्या मोटारींचे शौकीन येतात, फोटो काढतात, मुंबईला नेऊन प्रदर्शनात मांडू म्हणतात. परवा एक गंगापूर रोडचा तरुण आला होता, बोलायला गोड, म्हणाला, काकू, तुम्ही नुसतं हो म्हणा. आई आता ऐंशीच्या पुढे आहे, गुडघे गेलेत, गाडी चालवणं तिनं सोडलंय. मी त्याला म्हटलं, आत बसल्यात त्यांना विचार. तो आत गेला आणि थोड्या वेळानं चिवडा खाऊन, चहा पिऊन, रिकाम्या हातानं बाहेर आला.

त्या दिवशी देवळ्याहून परतताना घाट उतरल्यावर आईनं गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. कांद्याची शेतं होती दोन्हीकडे. तिनं आप्पांना विचारलं, वाईट वाटलं का. आप्पा म्हणाले, वाटलं. आईनं आरसा उगाच नीट केला. मग आप्पा म्हणाले, "यापुढं ताईंकडं जाताना मला विचारत बसू नको."

"मी कुठं विचारत होते?" आई म्हणाली. "गाडी आल्यापासून माझी मी तर जाते."

आप्पांनी विचार केला. ते कुठल्याही गोष्टीचं उत्तर विचार करूनच द्यायचे. "विचारतेस," ते म्हणाले. "दर वेळेला विचारतेस. जाऊ का, म्हणतेस, अन् मी हो म्हणेपर्यंत दारात उभी राहतेस. मीही तेव्हा लक्ष दिलं नाही."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं डोळे पुसले आणि गाडी सुरू केली.

पुढच्या रविवारी तिनं भाकऱ्या केल्या, फडक्यात बांधल्या, केस विंचरले. आप्पा पेपर वाचत होते. ती सवयीनं त्यांच्यासमोर येऊन थांबली, तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "मी निघाले."

"बरं," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं.